शिंद्यांच्या नावाचा समुद्रकिनारा

नमस्कार श्रोतेहो. समुद्र म्हटला की आपली ग्वाल्हेरकरांची धाव मुंबई, अलिबाग, फार तर गोव्यापर्यंत. त्यात वावगं काही नाही. तिकडं नातीगोती आहेत, मुक्कामाची सोय होते. पण आज मी तुम्हाला पलीकडच्या किनाऱ्यावर नेणार आहे, विशाखापट्टणमला. दिल्लीहून तिकडं जाणाऱ्या गाड्या आपल्याच स्टेशनावरून जातात, तेव्हा गाडी बदलायची कटकट नाही.

या शहरात पूर्व घाटाचे डोंगर थेट पाण्याला येऊन भिडलेत. आणि तरी आपली माणसं तिथं जाऊन करतात काय, तर दिवसभर बीचवर बसतात. माझा सल्ला उलटा आहे. हे शहर वरून बघायचं. चढायची तयारी ठेवा. किल्ला चढून-उतरून वाढलेल्या माणसांना त्यात अवघड काय?

सुरुवात जुन्या गावातून करा. बंदराला लागून तीन टेकड्या आहेत, एकीवर चर्च, दुसरीवर दर्गा, तिसरीवर व्यंकटेशाचं मंदिर. चर्चच्या टेकडीला रॉस हिल म्हणतात. वर पोचलात की समोर एक अजस्र कडा समुद्रात घुसलेला दिसतो. त्याचं नाव डॉल्फिन्स नोज. या कड्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा अडतात, म्हणून तर इथं बंदर झालं. १९३३ साली ते सुरू झालं. बांधकामाच्या वेळी लाटा थोपवायला दोन जुनी जहाजं मुद्दाम बुडवली होती. आत शिरायची वाट अगदी चिंचोळी आहे. एखादं मालवाहू जहाज येताना सापडलं, तर घरांच्या गच्च्यांमागून एक चार मजली लोखंडी भिंत सावकाश सरकत जाताना दिसते. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई मान वर करूनसुद्धा बघत नाही. तिला काय, रोजचंच!

आता जे सांगणार आहे ते जरा कान देऊन ऐका, कारण ते आपल्या घरचं आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटलं, तेव्हा माधवराव महाराज शिंद्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची एक मोठी आगबोट विकत घेतली, हिंदी सैनिकांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ती बोट सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी घेतली. कंपनी काढली, तिला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात हिंदी कंपनीची बोट! ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो तो याचमुळे.

विशाखापट्टणमचं बंदर उघडलं, तेव्हा आत आलेलं पहिलं जहाज याच कंपनीचं होतं, 'जलदुर्गा'. पुढं १९४१ मध्ये वालचंदांनी इथं जहाजबांधणीचा कारखाना काढला. कोनशिला बसवली राजेंद्रप्रसादांनी. लगेच पुढच्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले, काम विस्कटलं. पण १४ मार्च १९४८ ला 'जलउषा' पाण्यात उतरली, पंडित नेहरूंच्या हस्ते. आज तो कारखाना सरकारी आहे, हिंदुस्थान शिपयार्ड. आत सहजासहजी जाता येत नाही. पण त्या भागाला लोक अजून सिंदिया म्हणतात. सिटी बसच्या कंडक्टरला 'सिंदिया' एवढंच सांगा, तिकीट मिळेल. तिथून पुढं डोंगर ओलांडून यारडा बीचला जा. तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे समुद्र. शहरातल्या बीचपेक्षा मला तोच आवडतो. मात्र पोहायचं नाव काढू नका. या किनाऱ्याला पाण्याची ओढ फार, आणि आपण पडलो कोरड्या मुलखातले.

शहरातल्या आर. के. बीचवर वाळूत एक खरीखुरी पाणबुडी उभी आहे, 'कुरसुरा'. १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात गस्तीवर होती, २००१ ला निवृत्त झाली. लांबी एक्क्याण्णव मीटर, पण आत शिरलात की लांबी विसरा. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यातून आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले तुम्ही. आडव्या अंगाच्या मंडळींनी पोटभर जेवून जाऊ नये. डोक्याशी नळ्या, चाकं, घड्याळांसारख्या तबकड्या. टॉर्पेडोच्या शेजारी झोपायच्या फळ्या. माहिती सांगणारे बहुतेक नौदलातले निवृत्त लोक, त्यांना खुशाल प्रश्न विचारा, ते खुलतात. सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवा. समोरच टीयू-१४२ हे टेहळणी विमान आहे, तेही आतून बघता येतं. बाहेर आलात की मुरी मिक्श्चर खा, म्हणजे कुरमुऱ्यांची तिखट भेळ.

कैलासगिरीला रोपवे आहे, वर शंकर-पार्वतीच्या भल्यामोठ्या मूर्ती आहेत, गर्दीही तेवढीच. सकाळी जाऊन किनाऱ्याची वळणं बघा आणि उतरा.

त्यापेक्षा भीमिलीच्या रस्त्याला तोटलकोंडा गाठा. नौदलाच्या पाहणीत या टेकडीवरचे अवशेष नजरेस आले, मग उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार सापडला. भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला खडकात टाकी खोदली होती, ती अजून आहेत. खाली डोळे पोचतील तिथवर पाणी, आणि प्यायला थेंब नाही, तेव्हा करणार काय? आणखी थोडं पुढं गेलात की एर्रा मट्टी दिब्बलु, लाल वाळूच्या टेकड्या. हिमयुगात समुद्र मागं हटला, उघड्या पडलेल्या तळाची वाळू वाऱ्यानं इथं आणून साठवली आणि पुढं पावसानं तिच्यात घळी पाडल्या. आपलं चंबळचं बीहड कुणी शेंदरानं माखून समुद्राकाठी ठेवावं, तसं दिसतं.

देवदर्शनाशिवाय सहल पुरी होत नाही अशांसाठी सिंहाचलम. वराह-नृसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली, खरं रूप दिसतं ते फक्त अक्षय तृतीयेला. त्या दिवशी लेकराबाळांना घेऊन जाऊ नका, गर्दी झेपणार नाही.

अरकू खोऱ्याला मात्र आगगाडीनंच जा. जपानला लोहखनिज पाठवायला साठच्या दशकात हा मार्ग बांधला. बोगद्यामागून बोगदा, मध्येच दरी, आणि काचेच्या छताचा डबाही मिळतो. त्याचं तिकीट आधी काढून ठेवा. वाटेत बोरा गुहा आहेत, चुनखडीच्या, आत खूप पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघाव्यात. अरकूची कॉफी तिथले आदिवासी शेतकरी पिकवतात, ती घरी आणा.

कधी जायचं? ऑक्टोबर टाळा, वादळांचा महिना आहे तो. २०१४ च्या 'हुदहुद'नं हे शहर उन्मळून टाकलं होतं. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण आपल्याकडच्या धुक्यात गाड्या किती रखडतात ते तुम्ही जाणताच. मी म्हणेन फेब्रुवारी. स्वेटर एकच घ्या, तो अरकूच्या पहाटेपुरता. नमस्कार.