ऑक्सिजनचा नॉब रात्री कोण फिरवत होतं?

नमस्कार मंडळी. आज डोळ्याबद्दल बोलायचंय, पण चष्म्याचा नंबर नाही की मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वाढतात कशा आणि त्यांना वाढायला सांगतं कोण, हे. चॅनल बदलू नका, माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतलाय, खरं सांगतो.

आधी एवढंच डोक्यात ठेवा. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की ती हाक मारते, पुरेसा मिळाला की गप्प बसते. हाक म्हणजे एक प्रोटीन, व्हीईजीएफ. ते पोचलं की जवळच्या रक्तवाहिनीतली एक पेशी टोकाला येऊन बोटं फुटल्यासारखी पुढे सरकते, आणि शेजारणींना नॉच नावाच्या सिग्नलने दटावते, तुम्ही मागेच राहा, सगळ्याच पुढे पळालात तर नळी कोण होणार? आमच्या सोसायटीच्या कमिटीत हा नॉच कोणी बसवून देईल तर बरं होईल, तिथे सगळेच टोकाला. असो.

पोटातल्या बाळाच्या पडद्यावर हे काम साधारण 16व्या आठवड्यात सुरू होतं आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस भरावे लागतात. म्हणजे सातव्या महिन्यात आलेल्या बाळाचं हे काम अर्धवटच असतं.

आता गोष्ट. अमेरिका, 1940चं दशक. 1942मध्ये बॉस्टनच्या डॉक्टर टेरींनी पहिल्यांदा लिहिलं, की दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या काही बाळांच्या डोळ्यात भिंगामागे पांढरा थर धरतोय आणि ती आंधळी होतायत. मग अशी बाळं वाढतच गेली. आणि गंमत बघा, गंमत कसली, हॉस्पिटल जितकं चांगलं, बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या जितक्या नव्या, तितकी आंधळी बाळं जास्त! सगळं मिळून जगभरात 10,000च्या आसपास मुलांची नजर गेली. कोणी म्हणे व्हिटॅमिन, कोणी म्हणे उजेड.

वॉशिंग्टनला गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये आर्नल पॅट्झ नावाचा तरुण डॉक्टर होता, त्याला शंका आली की ही तर तीच बाळं, ज्यांना पेटीत भरपूर ऑक्सिजन मिळालाय. त्याने सरकारी ग्रँट मागितली, नकार आला, बाळांचा ऑक्सिजन काढून घेणं म्हणजे जीव घेणं. मग पठ्ठ्याने भावाकडून पैसे उसने घेतले (संशोधन बऱ्याचदा असंच चालतं, भावाच्या खिशातून) आणि डॉक्टर होएक यांच्यासोबत सुरुवात केली, काही बाळांना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, काहींना गरजेपुरताच.

आणि रात्री काय व्हायचं? डॉक्टर घरी गेले की काही नर्स कमी ऑक्सिजनवाल्या पेटीपाशी यायच्या आणि हळूच नॉब फिरवून वाढवून ठेवायच्या! त्यांना वाटायचं हा माणूस पोरांना गुदमरवतोय. डॉक्टरांनी पथ्य सांगितलेलं असताना आजी नाही का पदराआड लाडू आणून भरवते, तसंच. राग तरी कसा धरायचा?

तरीही फरक दिसलाच. मग 18 हॉस्पिटलांनी मिळून मोठी पाहणी केली, 1954मध्ये निकाल आला, ऑक्सिजनच दोषी. 1956मध्ये पॅट्झना लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा पुरस्कार मिळाला, तो द्यायला कोण होतं माहितीये? हेलन केलर, स्वतः आंधळ्या आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका.

पण असं का होतं, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. व्हीईजीएफ हाती लागलं 1989मध्ये. परत सांगतो, ऑक्सिजन भरपूर तर पेशी गप्प. हाक थांबली, वाहिन्या जिथल्या तिथे थांबल्या, काही सुकल्या. आठवडे गेले, पडदा वाढला, त्याची भूक वाढली, बाळ साध्या हवेत आलं, आणि मग उपाशी पेशींनी एकदम आरडाओरडा केला. त्या गोंगाटात वाहिन्या वेड्यावाकड्या उगवल्या, गळक्या, कच्च्या. त्या रक्त सांडतात, पडदा ओढतात, पडदा सुटतो. शुगरवाल्यांच्या डोळ्यात पुढे हीच हाक असू शकते, आणि हल्ली डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते हीच हाक मध्येच अडवतं. हो, डोळ्यात सुई. ऐकायला वाटतं तेवढं दुखत नाही, बधिर करतात.

अजून एक, हे लोक सांगायचं विसरतात. त्या निकालानंतर सगळीकडे ऑक्सिजन इतका आवळला की श्वास न पुरल्याने जास्त बाळं दगावली. म्हणजे रात्रपाळीच्या त्या नर्स अगदीच चुकीच्या नव्हत्या. आता बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत ऑक्सिजन देतात.

आणि पेटीतलं बाळ घरी आणलं असेल, 34 आठवड्यांच्या आतलं किंवा 2 किलोच्या आतलं, तर पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत. 30 दिवस, बारशाच्या गडबडीतसुद्धा. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळा अगदी टपोरा, छान दिसतो, आईला काही कळत नाही.

बुबुळावरच्या काचेत रक्तवाहिनी का नसते ते राहिलंच. तिथे व्हीईजीएफला पकडून ठेवणारा सापळा असतो, आणि मॅनटी नावाच्या समुद्रातल्या प्राण्यात तो नसतो म्हणून त्याच्या काचेत वाहिन्या असतात. पलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली. नमस्कार.