पाहुण्यांना आधी फ्रीमाँट दाखवा

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आईबाबा भारतातून इथे कॅलिफोर्नियात, आपल्या फ्रीमाँटला आले की आपण काय करतो? एका शनिवारी योसेमिटी, पुढच्या शनिवारी गोल्डन गेट. मधले पाच दिवस त्यांनी सोफ्यावर बसून आपली वाट बघायची. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "तुमच्या गावात बघण्यासारखं काहीच नाही का रे?" मी म्हटलं, "नाही गं, हे नुसतं राहायचं गाव." धादांत खोटं बोललो!

१९५६ साली पाच गावं मिळून फ्रीमाँट झालं. त्यातलं एक नाइल्स. तिथे एसाने या सिनेमा कंपनीचा स्टुडिओ होता आणि १९१५ मध्ये खुद्द चार्ली चॅप्लिन तिथे काम करून गेला. जुन्या एडिसन थिएटरात आता मूकपटांचं संग्रहालय आहे. शनिवारी संध्याकाळी मूकपट लावतात, समोर बसून कुणीतरी पियानो वाजवतं. अमेरिकन उच्चार कळत नाहीत म्हणून आई एरवी इथल्या सिनेमाला यायची नाही. इथे उच्चारांचा प्रश्नच मिटला! त्या दिवशी थिएटरात सगळ्यात मोठ्यानं तीच हसत होती.

बाबांचा जीव आर्डनवुडला रमला. एकोणिसाव्या शतकातली शेतवाडी आहे, जुनं घर, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या. त्यांनी अर्धा तास मक्याचं पीकच न्याहाळलं. हिवाळ्यात कुणी येणार असेल तर आणखी एक गोष्ट: तिथल्या निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरं मुक्कामाला येतात.

नाइल्स कॅन्यनमधली जुन्या डब्यांची आगगाडी नातवंडांसाठी. मिशन सॅन होजे हे ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं जुनं ठाणं १७९७ चं. १८६८ च्या भूकंपात तिथलं चर्च पडलं, आज दिसतं ते १९८५ मध्ये पुन्हा उभारलेलं. ज्या हेवर्ड भ्रंशामुळे, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या भेगेमुळे, तो भूकंप झाला, तो भ्रंश आपल्या लेक एलिझाबेथच्या बागेखालूनच जातो. हे मात्र आईबाबांना परत जाताना विमानतळावर सांगा.

मिशन पीक या डोंगराबद्दल जरा बजावून सांगतो. उंची अडीच हजार फूट, चढ सरळ अंगावर येणारा, वाटेत सावली जवळजवळ नाहीच. "आम्ही सिंहगड चढलोय" असं कितीही म्हणाले तरी दुपारी नेऊ नका. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या.

येत्या शनिवारी आम्ही पुन्हा नाइल्सला मूकपटाला जातोय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कुणाचे आईबाबा यायचे असतील तर चहाच्या वेळी मला गाठा.