बांध लागून आहे म्हणून शेतावर पहिला हक्क तुमचा का?

राम राम मंडळी. व्हिडिओ केळीच्या भावाचा टाकला तरी खाली कमेंट तीच, "भाऊ, बाजूवाला वावर विकी राह्यना, बांधले बांध शे, पयला हक मनाच ना?" म्हणजे शेजारचं शेत विकायला निघालंय, बांधाला बांध लागून आहे, तर पहिला हक्क माझाच ना?

नाही. तुम्ही जास्त भाव देताय तरी नाही. नुसत्या शेजारपणावरचा अग्रहक्क, म्हणजे इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क, घटनेत बसत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच भाऊ राम विरुद्ध बैजनाथ खटल्यात सांगून टाकलंय.

हक्क आहे तो वारसांना, हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २२. वडील मृत्युपत्र न करता गेले, सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ, बहीण अशी वारस नोंद लागली आणि वाटणी व्हायच्या आधीच धाकटा त्याचा हिस्सा बाहेरच्याला द्यायला निघाला, तर आधी घेण्याचा हक्क बाकी तिघांचा. फुकट नाही हां, किंमत जमली नाही तर कोर्ट ठरवतं आणि दोघांना घ्यायचं असेल तर जो जास्त देईल त्याला. शेतजमिनीला हे कलम लागत नाही म्हणणारे अजून भेटतात, त्यांना २०१९ चा बाबू राम विरुद्ध संतोख सिंग निकाल दाखवा, लागतं.

आता नीट ऐका. सरस-निरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन, मोजून वाटणी झाली, मधे बांध पडला, की सख्खा भाऊसुद्धा या कलमापुरता शेजारीच. मग "आमचं रक्ताचं नातं" सांगून उपयोग नाही. बांधाने हक्क मिळत नाही, उलट बांध पडला की असलेला हक्क जातो, हे माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना पटत नाही आणि मग पैसा कोर्टात जातो.

दुसरं, तलाठ्याकडे फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलावर, हरकत घेतली म्हणजे झालं असं समजून लोक बसून राहतात. हा हक्क दिवाणी कोर्टातच मागायचा, घेणाऱ्याने ताबा घेतल्यापासून एक वर्षात, आणि प्रत्यक्ष ताबा घेण्यासारखं नसेल तर खरेदीखत रजिस्टर झाल्यापासून.

एका ताईंनी विचारलंय, लग्न होऊन सुरतला आले, माहेरचं शेत चोपड्याकडे, वाटणी नाही, भाऊ परस्पर विकतोय, मला हा हक्क मिळेल का? त्याखाली चौघांनी लिहिलं "बहिणीला कशाला शेत", वाचून खरंच राग आला. ताई, तुम्ही भावाइतक्याच वर्ग एकच्या, म्हणजे कायद्याने पहिल्या रांगेतल्या, वारस. आजच रजिस्टर पोस्टाने भावाला आणि घेणाऱ्याला नोटीस द्या की मी विकत घ्यायला तयार आहे, पोचपावती जपून ठेवा, आणि दावा सुरतला नाही, शेत जळगाव जिल्ह्यात आहे तर इकडेच लावावा लागेल.