डॉक्टरले कोण विचारते?

नमस्कार राजेहो. आजचा विषय आत्महत्येचा आहे. मन आधीच भारी असेल तर व्हिडिओ इथंच थांबवा आणि 14416 ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन लावा. व्हिडिओ कुठं पळून जात नाही.

आपल्याकडं आत्महत्या म्हटलं की शेतकरी आठवतो. त्यासाठी 2015 पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरी येऊन झोपेचं, मनाचं विचारते, गरज वाटली तर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवते. पण तिथं खुर्चीत बसलेल्या डॉक्टरला कोण विचारते?

बरेचदा तो नुकताच एमबीबीएस झालेला, सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेला पोरगा असतो, नाहीतर पोरगी. दिवसा ओपीडी आणि रिपोर्ट. रात्री क्वार्टरचं दार वाजतं: साप चावला, नाहीतर फवारणीची विषबाधा. 2017 चं यवतमाळ आठवतं ना? पेशंट गेला की नातेवाइकांना त्यानंच सांगायचं, पोलिसांचे कागद त्यानंच भरायचे. कधी पोस्टमॉर्टमही त्यानंच करायचं, रात्री ज्याची नाडी धरून बसला होता त्याचंच. अन् सकाळी पुन्हा ओपीडी!

हा ताण कॉलेजातूनच सोबत येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2024 च्या सर्वेक्षणात जवळपास 31 टक्के पीजी विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं.

मग इलाज का घेत नाही? कारण मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याला, अन् तिथं अर्धे लोक ओळखीचे. 'डॉक्टरच येडा झाला' ही बातमी आठवडी बाजारात त्याच्या आधी पोचते. म्हणून तो स्वतःच स्वतःचा डॉक्टर होतो. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच.

डॉक्टर मंडळी, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराची गुप्तता हा तुमचाही हक्क आहे. 14416 म्हणजे टेलिमानस, चोवीस तास, फुकट, मराठीतून. ओळखीचं कोणी भेटायची भीती नाही.

सिस्टर, फार्मासिस्टभाऊ, डॉक्टर गप्प झाले, जेवण सोडलं, 'आता सुटलो' असं बोलू लागले, तर सरळ विचारा, 'सर, जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका, तिथूनच फोन लावा, घरच्यांना बोलवा.

आणि टीएचओ साहेब, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, बघत असाल तर ऐका. रात्री डॉक्टरच्या हातात पेशंट गेला की दुसऱ्या दिवशी त्या पीएचसीला बदली डॉक्टर पाठवा. डॉक्टर्स डेचा पुष्पगुच्छ नाही दिला तरी चालते.