फोनमधला ई-मेल स्वतःच्या हातानं

नमस्कार, श्रोतेहो. कागद-पेन जवळ घ्या, थोडं लिहून घ्यावं लागेल.

जेल रोडवर नवा मोबाइल घेतला की काउंटरवरच कुणीतरी मेल आयडी बनवून देतं. मदत चांगल्या मनानं केलेली असते, पण पासवर्ड घाईत सुचलेला, आणि कधीकधी नंबरही दुसऱ्याचाच. पुढं फोन बदलला की खातं उघडत नाही, आणि बँकेची स्टेटमेंटं त्यातच अडकतात. म्हणून हे काम रामबागेतल्या आजींनीही स्वतःच्या बोटांनी करावं. नातवानं शेजारी बसावं, फोन आजींच्याच हातात असू द्यावा.

अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल बहुधा आधीपासून असतं. ते उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर टेकवा, 'दुसरं खातं जोडा', मग गूगल, मग 'खातं तयार करा'. पत्त्याचं नाव 6 ते 30 अक्षरांचं हवं. त्यातले टिंब जीमेल मोजतच नाही, त्यामुळे टिंब घातलं काय, विसरलं काय, पत्र तुमच्याकडेच येतं. पासवर्ड किमान 8 अक्षरांचा लागतो. मी म्हणेन, 12 ठेवा. खात्याला पैसे पडत नाहीत, फक्त इंटरनेटचा डेटा खर्च होतो.

आता महत्त्वाचं. रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवण्यासाठी, तुमचाच चालू नंबर द्या. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, सुरू करा आणि तिथे मिळणारे 10 बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा. फोन हरवला तर हेच कोड कामी येतात. एक कोड एकदाच चालतो. आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला, तर तो कुणालाही सांगायचा नाही.

जुन्या मेल अॅपमध्ये जीमेल जोडायचं असेल तर आयमॅप निवडा, म्हणजे फोन आणि संगणक दोन्हीकडे पत्रं सारखीच दिसतात; पोर्टच्या रकान्यात 993 टाका. पॉप ही दुसरी पद्धत निवडली तर पत्रं फोनवर उतरतात, पण इथे वाचलेलं किंवा पुसलेलं संगणकावर तसं दिसत नाही. अशा अॅपमध्ये नेहमीचा पासवर्ड टाकला की 'चुकीचा' असं उत्तर येतं आणि माणूस तोच पुन्हापुन्हा टाकत बसतो. तिथं 16 अक्षरांचा वेगळा 'अॅप पासवर्ड' लागतो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल तरच तो मिळतो.

पत्रं येईनाशी झाली तर आधी जागा बघा. फुकट मिळते ती 15 जीबी, आणि त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह सगळे वाटेकरी. व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच. भरली की पाठवणाऱ्याकडे पत्र परत जातं. मोठ्या जोडपत्रांची पत्रं पुसा आणि मग कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर 30 दिवस ती जागा अडूनच राहते. जागा असेल तर सिंक, म्हणजे पत्रं आपोआप फोनवर येणं, सुरू आहे ना, बॅटरी सेव्हर जीमेलला अडवत नाही ना, हे पाहा. फोनची तारीख चुकली असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नंबर बदलणार असाल तर जुनं सिम सुरू असतानाच खात्यात नवा नंबर घाला. त्यानंतरही आठवडाभर जुनं सिम चालू ठेवा, कारण पडताळणीचा कोड तेवढे दिवस जुन्या नंबरावरही जाऊ शकतो.