पाणी सुरू आहे, पण तिसरा नळ गळतोय

(सिंगापूरमधल्या मराठी मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

काल रोटरीचं, म्हणजे जगभरच्या आमच्या समाजसेवी क्लबांच्या संघटनेचं, अधिवेशन संपलं आणि आज तुम्ही मुंबईच्या क्लबातून आलेल्या आम्हा सहाही जणांना जेवायला बोलावलंत. पाच दिवस आम्ही परदेशी जेवलो. आज पानात वरणभात आणि अळूचं फदफदं पाहून आमच्या लालबागच्या मसालेवाल्या शेठना अक्षरशः भरून आलं. तेव्हा सगळ्यात आधी, ज्यांनी आज स्वयंपाक केला त्या वहिनींना आणि काकूंना मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला सांगितलं, "ताई, अधिवेशनाचे अनुभव सांगा." सांगते. पण त्यासाठी आधी थोडं पाण्याबद्दल बोलावं लागेल.

मी लालबागच्या चाळीत वाढले. पहाटे चारला नळ यायचा. "पाणी आलं!" ही हाक ऐकली की अख्खा मजला उठायचा. तुमच्यातले बरेचजण गिरगाव, परळ, दादरचे आहेत, त्यांनाही ती हाक आठवत असेल. ते पाणी येतं कुठून, हे मात्र मला पन्नाशीपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. तानसा, मोडकसागर ही नावं पेपरात पावसाळ्यात वाचायची, "तलाव भरले" म्हणायचं आणि पान उलटायचं.

तानसा धरण १८९२ सालचं. मोडकसागर १९५७ सालचं. मध्य वैतरणा अगदी अलीकडचं, २०१४चं. ही सगळी शहापूर, मोखाड्याच्या डोंगरांत आहेत. तिथून शंभरेक किलोमीटर पाणी आपल्याकडे येतं, त्यातलं बरंचसं नुसत्या उताराने. पंप लागत नाही, डोंगरच ते पाणी आपल्याला देतो. आणि त्याच धरणांच्या वर, डोंगरउतारावर पाडे आहेत. वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर लोकांचे. पावसाळ्यात तिथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ आहे, पाणी त्यात मुरत नाही, वाहून जातं. ते आपल्या धरणात येतं. फेब्रुवारी उजाडला की पाड्यावरची विहीर तळ गाठते आणि बाया डोक्यावर चुंबळ ठेवून, हंड्यावर हंडा चढवून डोंगर उतरतात. खाली धरणाचं पाणी दिसत असतं. आपल्याकडे ते उताराने येतं, त्यांना मात्र चढवून न्यावं लागतं.

आमच्या क्लबने ठरवलं, आपण पंप बसवू. सौरऊर्जेवरचा. खालच्या विहिरीतून पाणी वर, पाड्यावर टाकी, टाकीखाली चार नळ. आम्ही तो बसवलासुद्धा. उद्घाटनाला गेलो तेव्हा पाऊस नुकता संपला होता, सगळं हिरवंगार, बायांनी आम्हाला ओवाळलं. पाड्यावरच्या दोन तरुण मुलांना पंपाचं प्रशिक्षण दिलं. टाकीवर आमच्या क्लबचा फोन नंबर रंगवला. परत येताना गाडीत सगळे गात होतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मुलांना वह्या द्यायला तिथे गेलो, तर नळ कोरडे. बाया पुन्हा हंडे घेऊन खाली चाललेल्या. पंप जानेवारीपासून बंद होता. जानेवारी ते मे, म्हणजे नेमके ज्या महिन्यांसाठी तो बसवला तेच महिने.

तंत्रज्ञाला घेऊन गेलो. त्याने पाहिलं आणि सांगितलं, पंप बिघडलेलाच नाही. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून आपोआप थांबतो, ती त्याची सुरक्षा. असं काही वेळा झालं की त्या यंत्राचा कंट्रोलर लॉक होतो. पाणी साठल्यावर एक बटण दाबायचं, एवढंच. पाच महिने त्या बाया त्या बटणासाठी डोंगर उतरत-चढत राहिल्या.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बँकेत नोकरी केलेली बाई. चूक कुठे झाली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. शोधलं. प्रशिक्षण दिलेली ती दोन मुलं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली होती. नागली, वरई निघाली की तिथली अर्धी माणसं भिवंडी, वसईकडे कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे त्या पाड्यावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही विचारलं नाही. आणि टाकीवरचा नंबर? तो आमच्या त्या वर्षीच्या सचिवांचा. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष नवा, सचिव नवा, प्रकल्पही नवे. सचिवांनी घर बदललं, नंबर बदलला. एका म्हातारीने तीनदा फोन लावून पाहिला होता, तिने मला तो नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.

आमचं वर्ष जूनला संपतं, त्यांचं दिवाळीला. दोन्हीच्या मध्ये ते बटण पडून राहिलं.

हे सगळं घेऊन मी इथे आले. आता अधिवेशनाचं सांगते.

तुमच्या मरिना बेच्या काठावर एवढं मोठं सभागृह, शंभरावर देशांचे लोक, कानाला भाषांतराचे इयरफोन. आमच्या मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली, तुमच्या सिंगापूरमध्ये १९३०मध्ये. म्हणजे आपले क्लब जवळजवळ पाठच्या भावंडांसारखे. सभागृहाशेजारी 'हाउस ऑफ फ्रेंडशिप' म्हणून एक मोठं दालन असतं. तिथे प्रत्येकजण आपापला प्रकल्प मांडून बसतो. कोणी चष्मे, कोणी कृत्रिम हात, कोणी शाळा, कोणी झाडं. जत्राच म्हणा. मसालेवाले शेठ आधी घाबरले होते. "माझं इंग्रजी दुकानापुरतं," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ते केनियातल्या एका गृहस्थांशी अर्धा तास बोलत होते. विषय काय, तर मिरची कशी वाळवायची! त्यातून पुढे त्यांच्या गावातल्या बायांच्या गटाला मसाल्याचं काम कसं शिकवता येईल इथपर्यंत गोष्ट गेली. शेठ आता घरी जाऊन व्हिडिओ करणार आहेत.

आमच्या डॉक्टर वहिनी पोलिओच्या सत्राला गेल्या. त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगते. तिथे त्यांना कराचीच्या एक रोटेरियन बाई भेटल्या. आज जगात पोलिओचा मूळ विषाणू फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून ठाण मांडून आहे. त्या बाई लसीकरण करणाऱ्या मुलींबरोबर स्वतः दारोदार जातात. त्यांनी वहिनींना विचारलं, "तुमच्याकडे दार उघडत नसे तेव्हा तुम्ही काय करायचात?"

वहिनी म्हणाल्या, परत जायचो.

तुम्हाला आठवत असेल, रविवारी बूथ, डाव्या करंगळीला शाई. त्यानंतरचे दिवस घरोघर. आरोग्यसेविका खडूने दारावर खूण करायच्या. 'पी' म्हणजे झालं, 'एक्स' म्हणजे घर बंद किंवा बाळ बाहेरगावी किंवा नकार. संध्याकाळी फक्त एक्सची यादी घेऊन पुन्हा निघायचं. स्टेशनवर, झोपडपट्टीत, बांधकामावर. मुंबईत २००१ पासून गटारातल्या पाण्याचे नमुने घेऊन परळच्या प्रयोगशाळेत विषाणू आहे का ते तपासत. मूल आजारी पडण्याआधीच वस्ती कळायची. रोटरीने जगभरातल्या पोलिओचं काम १९८५ मध्ये अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ला, हावड्यात. २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग, ज्यात आपला भारत येतो, तो सगळा पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या काळात किती अध्यक्ष बदलले असतील! पण हे एक काम कोणी ३० जूनला संपवलं नाही. एक्सचा पी होईपर्यंत माणूस परत गेला. वहिनी हे सांगताना रडल्या, आणि कराचीच्या त्या बाईही.

मला ते ऐकताना आमचं बटण आठवत होतं.

माझ्या टेबलावर मी दुसऱ्या पाड्याचा आराखडा मांडला होता. रोटरी फाउंडेशनचं 'ग्लोबल ग्रँट' हे अनुदान मिळवायचं तर प्रकल्प किमान तीस हजार डॉलर्सचा लागतो आणि दोन देशांतले क्लब सोबत असावे लागतात. म्हणून मी जोडीदार शोधत होते. बरेच लोक आले, फोटो पाहिले, "छान" म्हणून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी तैवानचे एक वयस्कर गृहस्थ आले. आयुष्यभर शेतीच्या पाटबंधाऱ्यांवर काम केलेले, आता निवृत्त. त्यांनी माझा कागद हातात घेतला. अर्जात एक रकाना असतो, प्रकल्प पुढे कोण सांभाळणार. आम्ही तिथे लिहिलं होतं, 'स्थानिक समिती'. त्यांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यांची नावं काय?"

खरं सांगते, मला नावं येत नव्हती. मग मी त्यांना पहिल्या पाड्याची सगळी गोष्ट सांगितली. जशी तुम्हाला आत्ता सांगितली तशीच. वीटभट्टी, टाकीवरचा नंबर, ते बटण. मला वाटलं, आता हे उठून जातील. ते उठले नाहीत. "उद्या परत येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा बरोबर त्यांच्या क्लबातले आणखी तिघं होते आणि हाताने काढलेला एक कागद. त्यावर खर्चाच्या आधी तीन वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम. सुट्या भागांची एक पेटी, पाड्यावरच ठेवायची. शिकवायचं ते दिवाळीनंतरही पाड्यावर राहणाऱ्यांना, म्हणजे म्हाताऱ्या बायांना आणि बाळंतिणींना. फोन नंबर माणसाचा नको, क्लबचा, जो अध्यक्षाबरोबर बदलणार नाही. आणि शेवटी त्यांची एक अट. पाहायला आम्ही ऑगस्टमध्ये येणार नाही, फेब्रुवारीत येऊ, मुंबईकर धबधबे पाहायला जातात त्या दिवसांत नाही.

सही अजून व्हायची आहे. कागद मोठा आहे, समित्या आहेत, वेळ लागेल. पण मी त्यांना एक शब्द दिला आहे, आणि त्यासाठीच मी आज तुमच्यासमोर उभी आहे.

तुम्ही मंडळी दरवर्षी मुंबईला येता. डिसेंबरात येता, लग्नं असतात, आई-वडील असतात. आमच्या क्लबला तुमच्यातल्या अनेकांनी देणगी दिली आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा मला पैसे नकोत, आणखी काही हवं आहे. तुमच्यात किती इंजिनिअर आहेत ते मी मघाशी मोजत होते. त्या कंट्रोलरवर इंग्रजीत अक्षरं येतात आणि दोन दिवे लागतात. आमच्या त्या म्हाताऱ्या आजीला अक्षर येत नाही, दिवा दिसतो. कुठला दिवा लागला की काय करायचं, याची चित्रांची पुस्तिका आपल्या मराठीत, तिला कळेल अशा शब्दांत, कोणी करून द्याल? शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत नको. आणि आठवड्यातून एक तास, तिचा फोन आला तर ऐकायला कोणी बसाल? मी माझ्या वयात पंप शिकते आहे, पण मला सगळं कळत नाही. तुम्ही इथे समुद्राची खाडी बांध घालून गोडी केली, सांडपाणी गाळून पुन्हा पिण्याजोगं केलं. पाण्याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. आपण सगळे त्याच डोंगराचं पाणी पिऊन मोठे झालो.

ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर मला भेटा. वही आणली आहे.

आणखी एक. आज सकाळी पाड्यावरून फोन आला होता. पहिल्या पाड्यावरून. आता तिथे बटण दाबणाऱ्या चार बाया आहेत. मे महिना आहे, विहीर खोल गेली आहे, त्यामुळे दिवसातून एकदाच पंप चालतो. आजी म्हणाली, "ताई, पाणी सुरू हाय, पन तिसरा नळ गळतोय. वायसर घेऊन ये." मी उद्या रात्री मुंबईला पोहोचेन. परवा सकाळी नागदेवी स्ट्रीटवरून वॉशर घेईन आणि मोखाड्याची गाडी पकडेन.