न जाणारा देवमासा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलण्याआधी एक आवाज ऐकवतो.

(ध्वनिफीत : हंपबॅक नराचं गाणं, वीस सेकंद)

काय वाटलं? गंजलेल्या बिजागरीचं दार कुणी सावकाश ओढतंय, मग गोठ्यात म्हैस हंबरते, आणि शेवटी एक बारीक तान वर वर चढत जाते. ही फीत मी घरी पहिल्यांदा लावली, तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "पंप बिघडला काय रे?"

हा हंपबॅक देवमासा. नावात मासा असला तरी फुप्फुसानं श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा. चौदा-पंधरा मीटर लांब, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा मोठाच. वजन 25 ते 30 टन. गातात फक्त नर. एकेक चीज दहा-वीस मिनिटांची, संपली की पुन्हा मुखड्यापासून, असं तासन्‌तास. मादीला रिझवायला की दुसऱ्या नराला बजावायला, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. एका भागातले सगळे नर एका हंगामात एकच गाणं गातात आणि सगळे मिळून ते हळूहळू बदलत नेतात. क्वचित एकदमच बदलतात. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नरांनी आपलं गाणं दोनच वर्षांत टाकलं आणि पश्चिम किनाऱ्यावरचं उचललं. घराणंच बदललं म्हणा ना!

जगभरचे हंपबॅक दरवर्षी मोठी वारी करतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचं आणि हिवाळ्यात उष्ण समुद्रात येऊन पिलं घालायची. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र कुठेच जात नाहीत. खाणं इथेच, बाळंतपणही इथेच. कातडीच्या बारीक तुकड्यांमधला डीएनए तपासला तेव्हा दिसलं की सुमारे 70,000 वर्षं यांचा बाकीच्या भाऊबंदांशी संबंध नाही.

त्यांना हे जमतं ते वाऱ्यामुळे. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस घेऊन येणारं नैर्ऋत्येचं वारं ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतं आणि वरचं पाणी आत समुद्रात ढकलतं. त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड पाणी वर येतं, ते खतासारखं सत्त्व घेऊनच. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि मासळी. कोकणात पेरणी चालू असते तेव्हा तिकडे देवमाशाचं ताट वाढलं जात असतं.

हे हंपबॅक इथेच खातात आणि इथेच पिलं घालतात हे कळलं कसं, ते सांगताना मला जरा जड जातं. नोव्हेंबर 1966 मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजं अरबी समुद्रात आली. हंपबॅकच्या शिकारीवर बंदी होती, तरी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात त्यांनी दोनशे चाळीसच्या आसपास जनावरं मारली. जहाजावर युरी मिखालेव नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. डेकवर पोटं फाडली गेली, तेव्हा आत काय होतं याची नोंद झाली : क्रिल, तारली, बांगड्याच्या जातकुळीची मासळी. मादीच्या पोटातले गर्भ मापले गेले. त्या लांबीवरून ठरलं की यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाप्रमाणे चालतो, म्हणजे ही दक्षिणेकडून आलेली पाहुणी जनावरं नव्हेत. हे कागद तीसेक वर्षं बाहेर आले नाहीत. मिखालेव यांचा लेख छापला गेला 1997 मध्ये. त्या समुद्रातल्या हंपबॅकविषयी इतकी माहिती एका महिन्यात पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मिळू नयेच.

आता हत्यार म्हणजे कॅमेरा. हंपबॅक बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो. शेपटाच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते, आणि ती आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी ज्याची त्याचीच. असे फोटो जुळवून ओमानच्या किनाऱ्यावर किती हंपबॅक असावेत याचा अंदाज बांधला गेला. आकडा आला 82 च्या आसपास. काहींच्या शेपटाच्या मुळाशी जाळ्यांचे व्रणही होते.

त्यातल्या एका मादीच्या शेपटावरची नक्षी ऊदाच्या झाडासारखी दिसली, म्हणून तिचं नाव ठेवलं लुबान. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला लोबान तोच. 2017 च्या नोव्हेंबरात ओमानजवळ तिच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं छोटं यंत्र बसवलं. ती श्वास घ्यायला वर आली की ठावठिकाणा मिळायचा. काही आठवड्यांनी ठिपके सरळ पूर्वेकडे सरकू लागले. अख्खा अरबी समुद्र ओलांडून, सुमारे 1,500 किलोमीटर, बाई गोव्यासमोर हजर! तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली, थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत. इकडचे आणि तिकडचे हंपबॅक एकाच घरचे, याचा तो पहिला धडधडीत पुरावा. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली सोडलेल्या मायक्रोफोनवर हंपबॅकचं गाणंही पकडलं गेलंय, म्हणजे नरही इकडे फिरकतात.

शेवटी दोन शब्द तांडेल आणि खलाशी मंडळींसाठी, कारण आम्हा अभ्यासकांपेक्षा तुम्ही समुद्रावर कितीतरी जास्त असता. पाठीवर छोट्या परासमोर उंचवटा आणि बाजूचे पर शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे लांब दिसले, तर तो हंपबॅक. इंजिन मंद करा, जवळ जाऊ नका. पाठीची कमान झाली की बुडी येणार हे ओळखा आणि मोबाइल तयार ठेवा. फोटो मागच्या बाजूनं हवा, शेपटाची खालची बाजू दिसेल असा. ती नक्षी स्वच्छ आली, तर आधी फोटो काढलेल्यांपैकी कोण भेटलं होतं ते सांगता येईल. किंवा हेही, की हे नवंच.